नऊशे तीनमधला द्राक्षाचा वास

लिफ्टच्या आरशाशेजारी ती चिठ्ठी चिकटवलेली होती. वहीचं फाडलेलं पान, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये चिठ्ठ्या लागतच असतात. कुणाचं पोर उड्या मारतं, कुणाचं कुत्रं भुंकतं, कुणी ओला-सुका कचरा एकत्र टाकतं. मी सहसा वाचत नाही. वाचलं की आपल्यालाच उद्देशून लिहिलंय असं वाटायला लागतं, चोराच्या मनात चांदणं. पण त्या संध्याकाळी दोन्ही हातांत मुळ्याच्या पिशव्या होत्या, लिफ्टमध्ये दुसरं कुणी नव्हतं, आणि डोळे कुठे ठेवायचे हा प्रश्नच होता. अक्षर गोल, शाळकरी. ‘तीन नंबरच्या उभ्या रांगेतल्या घरांपैकी कुणीतरी रोज पहाटे बाथरूममध्ये द्राक्षाच्या वासाचं व्हेप ओढतं. मी १००३ मध्ये राहते. मी तक्रार करत नाहीये. पण माझ्या आईला वाटतं की मीच ओढते. तिने माझं दप्तर दोनदा उपसलं. वास पंख्याच्या जाळीतून येतो हे तिला पटत नाही. तुम्ही जे कोणी असाल, एकदाच येऊन तिला सांगाल का, की ती मी नाही?’ खाली नाव नव्हतं, नुसतं ‘दहावीतली मुलगी’ असं. मी पहिल्यापासून परत वाचलं. नववा मजला आला, दार उघडलं, मिटलं, लिफ्ट मला घेऊन पुन्हा खाली गेली. तळमजल्यावर कुरिअरवाला खोकी घेऊन उभा होता. मावशी, उतरताय की चढताय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, चढतेय.

माझं घर ९०३. एकसष्ट वर्षांची आहे मी. या वयाच्या बायका आमच्या बुचॉन शहरात पहाटे डोंगर चढतात, देवळात जातात, नातवंडं सांभाळतात. मी पावणेसहाला उठून बाथरूममधल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसते, पंखा लावते आणि व्हेप ओढते. सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं. फार भारी काही नाही, वापरून फेकून द्यायची स्वस्तातली जांभळी कांडी, बोटाएवढी. बटण नाही, काडी पेटवायला नको. ओढलं की बुडाशी बारीक दिवा लागतो, सोडलं की विझतो. तीन झुरके, कधी चार. मग दात घासायचे, केस बांधायचे, आणि सात वाजता तोंडीलावण्यांच्या दुकानात हजर व्हायचं. दिवसभर लसूण, तिळाचं तेल, मासळीचं खारं पाणी. त्या दुकानात कुणाला कुणाचा वास येत नाही. कांडी नऊ-दहा दिवस पुरते. संपत आली की घशाला जळकं लागतं, तरी मी दोन दिवस ओढून काढते, टाकवत नाही. मग बसस्थानकामागच्या त्या माणूस नसलेल्या दुकानात जायचं. भिंतभर यंत्रं, आत कुणी नाही, आपण आपलं ओळखपत्र काचेवर ठेवायचं, आणि बाईचा आवाज म्हणतो, ‘आपण सज्ञान आहात.’ पहिल्या वेळी मला हसू फुटलं होतं. एकट्या बाईने यंत्रासमोर उभं राहून किती वेळ हसावं, पण मी हसले. त्या दिवशी माझ्याशी बोललेलं तेवढंच कुणीतरी होतं.

तंबाखूची मला कधीच गोडी नव्हती, उलट वैर होतं. नवरा त्याच बाथरूममध्ये, त्याच स्टुलावर बसून सिगारेटी ओढायचा आणि एक्कावन्नाव्या वर्षी फुप्फुसाने गेला. शेवटी-शेवटी बोलायचा तेव्हा प्रत्येक शब्दाला दोनदा श्वास घ्यायचा. मी तेव्हा ठरवलं होतं की या घरात धुराने एक माणूस खाल्लाय, दुसरं खाऊ देणार नाही. दुसरं म्हणजे दानबी. मुलगी. तेव्हा ती चोवीसची होती, चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि आम्ही दोघी या घरात कशा राहायचो हे आता आठवायला गेलं तर मला तिचे मोजेच आठवतात, वाळत घातलेले, एकेकटे, जोडी न लागणारे. ती बडबडी नव्हती. मी होते. मी दार ओलांडल्यापासून बोलायचे, आणि ती ‘हं’ म्हणायची. मग एका पहाटे बाथरूमचं दार उघडलं आणि आत तो वास होता. गोड, दाट, लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधासारखा. आदल्याच क्षणी ती आतून बाहेर पडली होती. आणखी काय पाहिजे होतं मला?

पहिल्या दिवशी मी काही बोलले नाही, मनात साठवत गेले. दुसऱ्या आठवड्यात तिची बॅग जमिनीवर पालथी केली. लिपस्टिक, चाव्या, बसचं कार्ड, नाक पुसायचे रुमाल. कांडी नव्हती. नाही म्हणजे लपवली असणार, असं मला वाटलं. सापडलं असतं तरी मी ओरडले असते, सापडलं नाही म्हणून जास्त ओरडले. उचलली जीभ लावली टाळ्याला. कुठल्या घरची पोर अशी ओढते, बाप कशाने गेला ते डोळ्यांनी बघितलंस ना, असं आणि त्याहून वाईट. तिने फार वाद घातला नाही. ती एवढंच म्हणाली की वास जाळीतून येतो, आई, वर बघ. आणि बोट वर केलं. छताला पंखा होता, त्याला चौकोनी जाळी होती. मी वर बघितलं नाही. तिच्या बोटाकडे बघितलं, त्या बोटाला वास येतो का ते बघायला तिचा हात ओढून नाकाशी धरला. तिने हात सोडवून घेतला. पुढच्या आठवड्यात ती गांगनुंगला गेली, समुद्राकाठी, तिथल्या एका चष्म्याच्या दुकानात. जाताना एकच पेटी होती. आणि ती गेली त्याच्यानंतर वासही गेला. एकदम. मी रोज पहाटे दार उघडून हुंगायचे, काही नाही, साबणाचा वास. बघा, मी स्वतःलाच म्हणायचे, पोर गेली, वास गेला, आता याहून पुरावा काय हवा. आपण खरे ठरलो याचं मला चांगलं पंधरा दिवस समाधान होतं.

मग घर गप्प झालं. कुणाला सांगावं तर काय सांगणार. दुकानात सांगितलं की मोठ्या पगाराची नोकरी लागली. लोक अजून मला ‘दानबीची आई’ म्हणूनच हाक मारतात, आणि मी ओ देते. चुसोकच्या सणाला आणि नव्या वर्षाला तिचा संदेश येतो, आई तब्येत सांभाळ. मी लिहिते, जेवलीस का. ती लिहिते, हो. चार वर्षांत आमचं एवढंच बोलणं. तिची खोली मी तशीच ठेवली, पण खोलीला कशाचाच वास उरला नव्हता, आणि माझ्या नाकाला तिचा म्हणून एकच वास माहीत होता. म्हणून गेले मी त्या यंत्रांच्या दुकानात. तीन वर्षं झाली. आधी आंबा घेतला, तो नव्हे. मग पीच, मग कलिंगड, तेही नव्हे. चौथी जांभळी. बाथरूममध्ये बसून ओढली, खोकले, डोळ्यांत पाणी आलं, आणि सोडलेला तो पांढरा वाफारा आरशावर जाऊन बसला, आणि दानबी आताच आतून बाहेर पडलीय असं झालं. मी रडले नाही. मी दुसरा झुरका घेतला.

चिठ्ठी वाचली त्या रात्री मी मुळे निवडलेच नाहीत. दुसऱ्या पहाटे सवयीने स्टुलावर बसले, कांडी हातात घेतली आणि ओढण्याआधी वर बघितलं. चार वर्षं उशिराने का होईना, बघितलं. जाळी धुळीने काळी होती. कान देऊन ऐकलं तर कुणाच्या तरी घरातला नळ ऐकू येत होता, कुणीतरी खाकरत होतं, एका बाईने कुणाला तरी उठ म्हटलं. तीन नंबरच्या रांगेतली सगळी घरं त्या एका पोकळीत श्वास सोडत होती. आणि मग मला ती शिडी आठवली. सामान हलवणाऱ्यांची ती लांबलचक शिडीगाडी, खालून खिडकीला लावतात ती. दानबी पेटी घेऊन दारात उभी होती त्या सकाळी ती गाडी आमच्या बाजूला लागलेली होती आणि एवढा घरघराट चालला होता की दानबी दारातून काहीतरी म्हणाली ते मला ऐकूच आलं नाही. मी तोंडही फिरवलेलं होतं. शिडी आठव्या मजल्याला लावली होती. ८०३. तिथे एक तरुण भाड्याने राहायचा, काळी टोपी घालणारा, लिफ्टमध्ये नेहमी खाली मान. एकदा मी लिफ्टमध्ये शिरले तर आत द्राक्षाचा वास कोंडला होता. मी मनाशी म्हटलं, आताच उतरली कार्टी. तो टोपीवाला कोपऱ्यात उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं होतं, चांगलं बघितलं होतं, आणि मुलीला मनात शिव्या दिल्या होत्या.

हातातली कांडी तिथेच स्टुलावर ठेवून मी बाहेर आले. माझ्या घशात तीन वर्षं जे भरलं होतं ते त्या टोपीवाल्याचं होतं. त्याचं नावही मला माहीत नाही.

आता करायचं काय? सरळ होतं, वर जायचं आणि सांगायचं. पण एकसष्टाव्या वर्षी, दुकानात अन्न शिजवणारी बाई, विधवा, आणि व्हेप ओढते म्हणून अख्ख्या इमारतीत बोभाटा. आमच्या इथे पुरुष ओढतो तेव्हा तो दमलेला असतो, बाई ओढते तेव्हा ती वाया गेलेली असते. हे मी स्वतःच कितीदा बोललेय. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यात माझा हात कुणी धरला नसता. मग मी पळवाट काढली. आपण ओढायचंच बंद करू. वास थांबला की भांडण थांबेल, पोर सुटेल, कुणाला काही सांगायला नको. स्वतःच्या हुशारीवर मी खूश झाले. कांडी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. तीन पहाटा मी नुसती स्टुलावर बसले, पंखा लावून, हात मांडीवर ठेवून. वाटलं होतं त्याहून अवघड गेलं. जीव कांडीसाठी कासावीस झाला की तिच्यासाठी, मला सांगता यायचं नाही. लिफ्टमधली चिठ्ठी कुणीतरी काढली होती, आरशाशेजारी चिकटपट्टीचे चार तुकडे राहिले होते.

चौथ्या दिवशी दुपारी सेबोमची आई दुकानात आली. सेबोम म्हणजे ती १००३ मधली दहावीची मुलगी. दोघी गेल्याच महिन्यात राहायला आलेल्या. आईला मी लिफ्टपुरती ओळखत होते, चाळिशीची, बँकेतल्या गणवेशात, सतत घाईत. तिने पालकाची भाजी मागितली, कमळकाकडी मागितली, आणि मी तोलत असताना, माझ्या हातमोज्यांकडे बघत, मन मोकळं करायला लागली. माझ्यासारखी वयाने मोठी बाई, मुलगी वाढवलेली, तिला सांगायला बरं वाटलं असेल. पोरगी बाथरूममध्ये व्हेप ओढत होती म्हणाली, कबूल करत नव्हती, जाळीतून वास येतो म्हणायची. लिफ्टमध्ये चिठ्ठी लावून आईची अब्रूही काढली. मग शेवटी कानाखाली वाजवली.

“आणि बघा, दानबीची आई,” ती म्हणाली, “त्या दिवसापासून वास बंद. तीन दिवस झाले. आता बोलत नाही माझ्याशी, पण सुटलं ना एकदाचं. तुमच्या दानबीने नसेल कधी असला त्रास दिला.”

तराजूवरचा आकडा हलत होता, थांबत नव्हता, कारण माझा हात अजून तराजूवरच होता. मी दोन मुठी कमळकाकडी जास्त घातली. तिने नको-नको म्हटलं, मी घातलीच. वास गेला, आता याहून पुरावा काय हवा. मी पुरावा दिला होता तिला. तीन पहाटा उपाशी बसून, मोठी सोवळी होऊन, मी त्या पोरीच्या गळ्यात माझी कांडी बांधली होती. सेबोमची आई बराच वेळ थँक्यू म्हणत गेली. संध्याकाळपर्यंत मी दोनदा मीठ जास्त घातलं आणि मालकिणीने बोलून घेतलं.

साडेसातला मी तांदळाच्या डब्यातून कांडी काढली, तिला चिकटलेले दाणे पुसले, आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून डब्यात दुकानातली मुरवलेली तिळाची पानं घेतली. एकच मजला, जिन्याने गेले. सेबोमच्या आईने दार उघडलं आणि मला बघून तिचा चेहरा पडला. आमच्या पावलांचा आवाज येतो का खाली, असं तिने आधीच विचारलं, माफीच्या सुरात. वरच्या मजल्यावरचे लोक खालच्याला दारात बघून हेच विचारतात. मी म्हटलं, आवाज नाही, वास. डबा तिच्या हातात दिला, एप्रनच्या खिशातून कांडी काढली आणि तळहातावर धरली.

“ही माझी आहे,” मी म्हटलं. “रोज पावणेसहाला. तुमची पोर नाही. मी तीन दिवस ओढली नाही म्हणून वास बंद झाला, तुमच्या मारामुळे नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली, कसंनुसं. सेबोमने तुम्हाला गळ घातली का, म्हणाली. वय झालेल्या माणसाला असं खोटं बोलायला लावायचं, कमाल झाली या पोरीची. मला तिचा राग आला नाही. माझ्या दारात चार वर्षांपूर्वी खुद्द तो टोपीवाला येऊन उभा राहिला असता तरी मी त्यालाही हेच म्हटलं असतं. मग मी ते केलं. तिच्या उंबऱ्यावर, चपलांच्या रांगेत उभं राहून कांडी तोंडाला लावली आणि ओढली. तीन दिवसांनी ओढल्यामुळे डोकं गरगरलं. बुडाशी दिवा लागला. वाफ सोडली ती तिच्या गणवेशावर, डब्यावर, आतल्या भिंतीवर पसरली, आणि मी खोकायला लागले ते थांबेना. गुडघ्यांवर हात टेकून खोकत असताना मला आतल्या खोलीच्या दारातले पाय दिसले, पांढरे मोजे, एक मोजा टाचेवर खाली आलेला. सेबोमच्या आईने श्वास आत घेतला. तो वास ती ओळखत होती, राहायला आल्यापासून हुंगत होती. ती वळली आणि बाथरूमकडे गेली, दिवा लावला, आणि मान वर करून उभी राहिली. तिने वर बघायला आठवडे लावले, मला चार वर्षं लागली, तेवढं बरं. मला वाटलं आता ती पोरीकडे जाईल. पण पोरीने तोवर दार लावून घेतलं होतं, हळूच, कडी न वाजवता. सेबोमची आई त्या बंद दारासमोर जाऊन उभी राहिली आणि ठोठावायला उचललेला हात तसाच धरून होती. मी माझ्या चपला नीट घातल्या आणि जिन्याने खाली आले.

घरी येऊन दिवा लावला नाही. हात धुतले. दानबीचा नंबर फोनमध्ये सगळ्यात वरच होता, तरी मी यादी शेवटपर्यंत नेली आणि परत आणली. एवढ्या वर्षांत आम्ही फोन केला नव्हता. तो वाजायला लागल्यावर मला वाटलं की उचलू नये, आणि तिने दुसऱ्याच घंटेला उचलला.

“आई? काय झालं? बरी आहेस ना?”

आवाज जाड झाला होता तिचा. मागे नळ चालू होता, भांडी विसळत असावी. मी कशी आहेस वगैरे विचारणार होते, जेवलीस का विचारणार होते, तेच येतं मला. पण ते विचारलं असतं तर पुढचं राहून गेलं असतं.

“ते तू नव्हतीस,” मी म्हटलं. “बाथरूममधला वास. जाळीतूनच यायचा. खालचा तो टोपीवाला ओढायचा, तू गेलीस त्याच सकाळी त्याचं सामान हललं. तू नव्हतीस गं.”

चार वर्षांत एवढी मोठी गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल, आणि ओरडली असती तर मी ऐकून घेणार होते, सगळं, सकाळपर्यंत.

“मला माहीत आहे, आई,” ती म्हणाली. “मी नव्हते हे मला तेव्हाही माहीतच होतं.”

अगं बाई. खरंच की. मी काखेत लपवून, जिने चढून-उतरून, जी बातमी तिच्यासाठी आणली होती ती फक्त मलाच माहीत नव्हती. मी भिंतीला टेकले. नळ तसाच वाहत होता. मग मी उरलेलंही सांगून टाकलं, अर्धवट राखून तरी काय करायचं होतं. म्हटलं, आता मी ओढते. तीन वर्षं झाली. द्राक्षाचीच.

तिला समजायला वेळ लागला. तू, म्हणाली. तू ओढतेस. बाबा कशाने गेले, असं काहीतरी म्हणायला लागली आणि मधेच थांबली. मग तिने विचारलं, का?

“घरात तुझा वास उरला नव्हता म्हणून.”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. ती हसली असावी किंवा नाक ओढलं असावं, गांगनुंगवरून कळत नाही. मग ती हळू बोलली, लहानपणी ताप आला की बोलायची तशी, एकेक शब्द.

“आई, तो माझा वास नव्हता.”

मी हो म्हटलं. तिच्या खोलीचं दार उघडं होतं, आत अंधार होता. मोजे आठवले मला, चष्म्याच्या काचा पुसायचं ते कापड आठवलं, तिच्या केसांना टॉवेल गुंडाळलेला आठवला. चोवीस वर्षं ती माझ्या शेजारी झोपली, जेवली, आजारी पडली. एकेक आठवून मी ते नाकाशी नेत होते आणि प्रत्येकाला द्राक्षाचाच वास येत होता.

“मग तुझा कसा होता गं?” मी विचारलं.

तिकडचा नळ बंद झाला. तिने फोन ठेवला नाही. मी तो कानाशी घट्ट धरून उभी राहिले.